हजार बिड्यांचा हिशेब कसा मांडायचा

कर्नाटकातल्या निपाणी भागात गरिबीचा अभ्यास करायला आलेली माणसं बिड्या वळणाऱ्या बायकांना हमखास विचारतात, 'मावशी, दिवसाला किती सुटतात?' उत्तर जवळजवळ नेहमीच चुकीचं येतं, कारण बिडीची मजुरी दिवसावर नाही, हजारावर असते. शिवाय कामाच्या कार्डावर नाव सुनेचं असलं तरी तेंदूचं पान कापते सासू आणि शाळेतून आल्यावर जुड्या बांधते मुलगी.

म्हणून सरासरी विचारू नये. पंधरा दिवसांची वही ठेवावी आणि रोज पाच रकाने भरावेत: ठेकेदाराकडून मिळालेलं पान वजनाने, परत दिलेल्या बिड्या, त्यातली छाट (म्हणजे तपासणीत नापास ठरलेल्या बिड्या), पदरच्या पैशाने घेतलेलं पान-दोरा आणि घरातल्या प्रत्येक हाताचे तास. वजन घरी आल्याबरोबर करावं. ओलं पान जड भरतं आणि सुकल्यावर वाद होतो.

समजा दर हजाराला 200 रुपये आहे. हजारातल्या 50 छाटीत गेल्या, तर मजुरी 190. पान कमी पडलं म्हणून 25 रुपयांचं बाहेरून आणलं, दोरा 3 रुपये. उरले 162. बाईचे 9 तास आणि मुलीचे 3 धरले, तर तासाला साडेतेरा रुपये. छाटलेल्या बिड्या परत मिळाल्या की त्या तपासणाऱ्या चेकरने ठेवून घेतल्या, हेही लिहावं. ठेवून घेतल्या असतील, तर मालही गेला आणि मजुरीही. माझ्या मते भांडणाचा खरा मुद्दा इथेच आहे. नुसती 'दर वाढवा' अशी मागणी केली, की वाढलेला दर छाटीतून परत काढून घेता येतो.

हिशेबातून आंदोलन उभं राहतं हे या गावाला नवं नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुण्याजवळच्या आंबेठाणच्या कोरडवाहू शेतात उत्पादनखर्च मांडून पाहिला होता. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीच्या हमरस्त्यावर बसले. 6 एप्रिलच्या गोळीबारात 12 जण गेले. तंबाखू पिकवणाऱ्याचा खर्च तेव्हा मांडला गेला, वळणारीचा अजून सुटा सुटाच आहे.

तक्ता तयार झाला की आधी गल्लीत मोठ्याने वाचावा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनवाईत, म्हणजे गावातल्या जाहीर सुनावणीत, हजेरीपट असेच वाचून दाखवले. चुका तिथेच निघतात: 'त्या आठवड्यात जत्रा होती, काम बंद होतं गं!' कामगार खात्याचा अर्ज कन्नडमध्ये जातो, म्हणून सही-अंगठ्याआधी तो मराठीतून वाचून दाखवावा. 1966 च्या बिडी कामगार कायद्याने घरखात्यातल्या, म्हणजे घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं होतं, हे अर्जात ठळक लिहावं.

एका ठेकेदाराकडे तीनच बायका असतील, तर त्यांचे आकडे वेगळे छापू नयेत. नाव नसलं तरी तो ओळखतो आणि दुसऱ्या दिवशी पान आणखी कमी येतं.