लेस्टरमधील माझे बाळंतपण आणि मनाचे उपचार : माझा अनुभव

इंग्लंडमध्ये नैराश्य किंवा चिंताविकारावर समुपदेशन घ्यायचे असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. एनएचएस म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या ‘टॉकिंग थेरपीज’ या समुपदेशन सेवेकडे आपण स्वतः नाव नोंदवू शकतो. २००८ साली वेगळ्या नावाने सुरू झालेली ही सेवा विनामूल्य आहे, आणि गरोदर स्त्रिया व तान्ह्या बाळांच्या माता यांना बहुतेक ठिकाणी तिच्यात प्राधान्य मिळते. मुलीच्या जन्मानंतर कित्येक महिने यांतले काहीच माझ्या कानावर आले नव्हते. मी इंग्रजीतच नोकरी करते, तरी माझी ही स्थिती होती; मग ज्या स्त्रिया लग्न होऊन नुकत्याच इथे आल्या आहेत, त्यांच्यापर्यंत ही माहिती कशी पोहोचणार, या काळजीपोटी मी हे सविस्तर लिहीत आहे.

२०२१ च्या जनगणनेनुसार लेस्टरमध्ये आशियाई वंशाचे लोक ४३ टक्क्यांहून अधिक आहेत, म्हणजे गोऱ्या रहिवाशांपेक्षाही जास्त. तरीही या शहरात मराठी घरे विखुरलेली आहेत. माझी आई सांगलीहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती. तिने डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, सगळे निगुतीने केले. बाहेरून पाहणाऱ्याला आमचे घर सुखी दिसत होते, आणि म्हणूनच मला रात्रभर झोप येत नाही, बाळाला घेताना हात थरथरतात, हे सांगायला तोंड उघडत नव्हते. एवढे सगळे करणाऱ्या आईसमोर दुःखाची तक्रार करणे मला कृतघ्नपणाचे वाटे. सुरुवातीला घरी आलेल्या हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे बाळ-बाळंतिणीची विचारपूस करणाऱ्या परिचारिकेने, आईच्या देखतच ‘सगळे ठीक ना?’ असे विचारले आणि मी मान डोलावली. पुढे डोकेदुखी आणि छातीतली धडधड घेऊन मी जीपींकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, गेले. त्यांनी लोह आणि थायरॉइड तपासले, आणि ते आवश्यकही होते, कारण प्रसूतीनंतर थायरॉइड बिघडू शकते. अहवाल निर्दोष आले आणि विषय तिथेच थांबला.

तो पुन्हा सुरू झाला दुसऱ्या एका हेल्थ व्हिजिटरमुळे. तिने बाळाच्या वजनाच्या दिवशी मला बाजूच्या खोलीत एकटीला बसवले आणि बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबरा प्रश्नावली समोर ठेवली. १९८७ साली तयार झालेल्या या प्रश्नावलीत गेल्या ७ दिवसांविषयी १० प्रश्न असतात, एकूण ३० गुण असतात आणि साधारणपणे १३ किंवा त्याहून अधिक गुण आले तर अधिक तपासणी केली जाते. माझे गुण त्या रेषेच्या वर होते. परंतु गुणांपेक्षाही तिचे पुढचे प्रश्न मला मोलाचे वाटतात: घरात बाळाविषयीचे निर्णय कोण घेते, सव्वा महिना घराबाहेर पडायचे नाही हे तुम्हाला स्वतःला हवे होते का, आई परत गेल्यावर कोण असेल? ती गोरी इंग्रज बाई होती. आपल्या रीतिभाती तिला आधीपासून माहीत नव्हत्या. तिने त्या विचारून घेतल्या, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ती थांबली. तिच्याच फोनवरून आम्ही नावनोंदणी केली.

नोंदणीनंतर दूरध्वनीवरून मुलाखत झाली. तिच्यात नैराश्यासाठी ९ आणि चिंतेसाठी ७ प्रश्नांच्या दोन प्रश्नावल्या असतात, आणि त्या पुढे प्रत्येक भेटीच्या वेळी भराव्या लागतात. शेवटी विचारतात, की थेरपिस्ट स्त्री हवी का, एखाद्या विशिष्ट भाषेतली हवी का. इथे मी मनातले स्पष्ट सांगितले, की मला आपल्या समाजातली व्यक्ती नको. आपल्यातले कोणी भेटले म्हणजे समजून घेणे सोपे जाते, असे सर्रास म्हटले जाते आणि अनेकांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण लहान समाजात सगळेच एकमेकांना ओळखतात, आणि गणेशोत्सवात समोर येणाऱ्या व्यक्तीपुढे मी माझ्या मनातले भयंकर विचार बोलू शकले नसते. गोपनीयतेचा नियम सर्वांनाच लागू असतो हे मला समजावण्यात आले, तरी माझी निवड त्यांनी कोणताही वाद न घालता नोंदवली.

सर्वांत कठीण भाग आईचा होता. मला दृष्ट लागली असे तिला वाटत होते आणि ती रोज संध्याकाळी मीठ-मोहरी ओवाळून टाकत होती. त्यातच जीपींनी सर्ट्रालीन हे नैराश्यावरचे औषध सुरू करण्याविषयी विचारले, तेव्हा दुधातून बाळाला गोळ्या जातील या भीतीने तिने जेवण सोडले. थेरपिस्टनेच सुचवले, की एका भेटीला आईला आणावे. माझे यजमान दुभाषाचे काम करायला तयार होते. थेरपिस्टने त्याला नम्रपणे नकार दिला आणि मराठी दुभाषा मागवला. एनएचएसमध्ये दुभाषा विनामूल्य असतो, आणि घरच्या माणसाने ते काम करू नये अशीच तिथली भूमिका आहे. त्याचे कारण मला त्या दिवशी कळले. नवरा मध्ये असता, तर आई जावयासमोर एक शब्दही बोलली नसती. लेस्टरमध्ये गुजराती दुभाषा लगेच मिळतो, मराठीसाठी मात्र आम्हाला थांबावे लागले. अखेर दुसऱ्या शहरातल्या एका बाई फोनवरून जोडल्या गेल्या, आणि त्या ओळखीच्या नाहीत या एका गोष्टीने आई मोकळी झाली. मला जन्म दिल्यानंतर आपणही अशाच रडत होतो आणि सासरी कोणाला सांगितले नव्हते, हे तिने तिथे प्रथमच सांगितले. थेरपिस्टने मीठ-मोहरीला नावे ठेवली नाहीत. ते करत राहा, आणि त्याबरोबर तुमच्या लेकीला, म्हणजे मला, रात्री सलग चार तास झोपू द्या, असे तिने आईला सांगितले. जीपींनी औषधाचा फार थोडा अंश दुधात उतरतो आणि स्तनपान देणाऱ्या अनेक माता ते घेतात, हे आईला समजावले. त्या रात्रीपासून पहाटेचे दूध यजमान बाटलीने पाजू लागले आणि मला झोप लागू लागली. पूर्ण बरे वाटायला मात्र पुढे बराच काळ गेला.

ब्रिटनमध्ये प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांपासून वर्षापर्यंत होणाऱ्या मातामृत्यूंचे आत्महत्या हे एक प्रमुख कारण आहे, हे मी नंतर वाचले आणि फार अस्वस्थ झाले. इंग्लंडच्या मानसिक आरोग्य संस्थांना २०२३ पासून वांशिक समानतेचा एक आराखडा लागू झाला आहे, आणि त्यात रुग्ण व त्यांच्या घरच्यांचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. त्यासाठी आमच्या भागात होणाऱ्या एका बैठकीला मी जाते आणि दोन मागण्या लावून धरते: प्रत्येक बाळंतिणीला किमान एकदा एकटीला भेटावे, आणि मराठीसारख्या कमी बोलल्या जाणाऱ्या भाषांचे दुभाषे फोनवरून तरी त्याच आठवड्यात मिळावेत. पहिली मान्य झाली आहे, दुसरीवर अजून चर्चा चालू आहे.

ओळखीतून मला फोन करणाऱ्या मुलींना मी सांगते, की नाव नोंदवताना बाळाचे वय आधी सांगा, दुभाषा हवा असल्यास तेव्हाच मागा, आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला, तर नोंदणीची वाट न पाहता एनएचएसच्या १११ या क्रमांकावर फोन लावून २ चा पर्याय दाबा. तिथे रात्रंदिवस मानसिक आरोग्याची माणसे बोलायला असतात. जिवाला तत्काळ धोका असेल तर ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन लावा.