बून घराण्याचा माग: तंट्यांच्या कागदांतून

अठराव्या शतकातला अमेरिकन वाटाड्या डॅनियल बून याची जन्मतारीख त्याच्या आईवडिलांच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या रीतीने लिहिली, तर ती ‘आठव्या महिन्याचा २२ वा दिवस, १७३४’ अशी होते. मी ती वहीत बिनदिक्कत २२ ऑगस्ट म्हणून उतरवून ठेवली आणि चूक ध्यानात यायला आठवडा गेला. महिन्यांची काही प्रचलित नावे परक्या देवतांवरून आलेली असल्यामुळे क्वेकर पंथीय ती टाळून आकडे वापरत. आणि इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने मार्च हा पहिला महिना ठरे व ऑक्टोबर आठवा. १७५२ मध्ये कालगणना बदलताना ११ दिवस गाळण्यात आले, म्हणून आजच्या हिशेबाने ती तारीख २ नोव्हेंबर होते. (बून स्वतः मात्र २२ ऑक्टोबरच सांगत राहिला.) जुन्या कागदावरील शकात ७८ मिळवायचे की ७९, हा घोळ ज्याने घातला आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

बूनचे नाव घेतले की १७७५ मध्ये कंबरलँड खिंडीतून केंटकीत काढलेली वाट आणि बून्सबरोची वसाहत आठवते. त्याच्या घराण्याचा शोध मात्र त्याच्यापासून मागे जाताना जितका सोपा आहे, तितका पुढे येताना नाही. आजोबा जॉर्ज बून हे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील ब्रॅडनिंचचे विणकर. त्यांनी आधी काही मुलांना पेनसिल्व्हेनियात पाठवले आणि १७१७ मध्ये ते स्वतः सहकुटुंब आले. मुलगा स्क्वायर (हे नावच आहे, पदवी नव्हे, डॅनियलच्या एका भावाचेही हेच नाव असल्याने वंशवृक्ष चाळणाऱ्यांची नेहमी फसगत होते) याने १७२० मध्ये वेल्श क्वेकर कुटुंबातील सारा मॉर्गनशी लग्न केले. त्यांच्या ११ मुलांपैकी डॅनियल सहावा.

हे इतके नेमके कळते, ते पेनसिल्व्हेनियातील एक्सेटर येथील क्वेकरांच्या मासिक सभेसारख्या सभांनी नोंदी जपल्या म्हणून. आणि खरे सांगायचे तर बून कुटुंबाने सभेला त्रास दिला म्हणून. १७४२ मध्ये थोरल्या मुलीने पंथाबाहेर लग्न केले आणि ती आधीच गर्भवती असल्याचे उघड झाले, तेव्हा आईवडिलांना सभेपुढे जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. पाच वर्षांनी इझ्रायल या मुलानेही तेच केले. या वेळी स्क्वायर मुलाच्या बाजूने उभा राहिला आणि सभेने त्याला वाळीत टाकले. सारा मात्र धाकट्या मुलांना घेऊन सभेला जात राहिली. एकाच घरातली ही फूट कोणत्याही वीरकथेपेक्षा मला अधिक बोलकी वाटते. आपल्याकडेही वतनाचा तंटा लागला नसता, तर कित्येक घराण्यांचे करीने (घराण्याच्या लेखी हकिकती) आणि महजर (निवाड्याचे कागद) लिहिलेच गेले नसते.

पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतील बूनचे जन्मस्थान मी मुद्दाम पाहून आलो. आजचे दगडी घर नंतरच्या मालकांनी वाढवलेले आहे. मूळ लाकडी ओंडक्यांच्या घराचे तळघर तेवढे खाली शिल्लक असून तेथे झऱ्याचे पाणी येते. उन्हातून त्या पायऱ्या उतरताच गारवा अंगाला लागतो आणि ओल्या दगडाचा वास येतो.

१७५० मध्ये कुटुंबाने पेनसिल्व्हेनिया सोडले आणि पुढे ते नॉर्थ कॅरोलायनातील यॅडकिन खोऱ्यात स्थिरावले. येथून सभेचा आधार सुटतो आणि शोधणाऱ्याला न्यायालयाची पायरी चढावी लागते. केंटकीतील जमिनीच्या चतुःसीमा झाडे आणि ओढे सांगून ठरवल्या जात. त्यामुळे एकाच तुकड्यावर दोन-तीन दावे चढत. मोजणीदार म्हणून बूनला त्यांत साक्षी द्याव्या लागल्या आणि स्वतःच्या जमिनीही त्याने गमावल्या. जनगणनेचा उपयोग मर्यादित आहे, कारण १८५० पूर्वी तीत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. झाडांवर कोरलेल्या ‘बूनने येथे अस्वल मारले’ छापाच्या मजकुरावर तर भरवसाच ठेवू नये. तो सही करताना आडनावाच्या शेवटी ‘ई’ लिहीत असे आणि कोरणाऱ्यांना त्याचा पत्ता नसे.

घरातल्या आठवणी मिळतात त्या लायमन ड्रेपर या संग्राहकामुळे. त्याने १८५१ मध्ये मिझुरीत जाऊन बूनचा धाकटा मुलगा नेथन आणि सून ऑलिव्ह यांच्याकडून त्या सविस्तर उतरवून घेतल्या. चरित्र त्याच्या हातून पुरे झाले नाही, पण टिपणे विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत आहेत.

एक गोष्ट मला अजून खटकते. फेब्रुवारी १७७८ मध्ये शॉनी या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी बूनला पकडले आणि त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला मुलगा मानून शेल्टोवी, म्हणजे मोठे कासव, असे नाव दिले. जूनमध्ये बून पळाला आणि सप्टेंबरात याच ब्लॅकफिशने बून्सबरोला वेढा घातला. दत्तकासाठी आपण वंशावळीत वेगळी रेघ काढतो; मी चाळलेल्या बूनच्या वंशवृक्षांत ती कोठेही नव्हती. माझ्या तक्त्यात मी ती तुटक काढून ठेवली आहे.