ओकची कळी आणि विंटर मॉथचे अंडे : तिसऱ्या हिवाळ्याच्या नोंदी

नेदरलँड्समधील फेलुवेच्या जंगलाला लागून असलेल्या एडे या गावात मी राहतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्री टॉर्च घेऊन ओकची खोडे तपासण्याचे हे माझे तिसरे वर्ष होते. विंटर मॉथ, म्हणजे ऑपेरोफ्टेरा ब्रुमाटा, हा पतंग ऐन थंडीत कोषातून बाहेर पडतो. नर उडतो, पण मादीला पंखांच्या जागी केवळ खुंट असतात. फुगीर पोटाची ती मादी पहिल्या नजरेला कोळ्यासारखी वाटते. जमिनीतून निघून ती खोडावरून वर चढते, वाटेतच नराशी मीलन होते आणि ती वरच्या फांद्यांच्या फटींमध्ये अंडी घालते. ही अंडी तिथेच हिवाळा काढतात आणि वसंतात ओकच्या पानांच्या कळ्या उमलण्याच्या सुमारास फुटतात. अळी कळीच्या आधी बाहेर आली तर तिला खायला काही नसते आणि उपाशीपोटी ती मोजकेच दिवस तग धरते. उशिरा आली तर पाने जून आणि टॅनिन या तुरट द्रव्याने भरलेली असतात.

यंदा शेजारच्या आवारातील दोन ओकवरून, मालकांच्या परवानगीने, मी अकरा माद्या गोळा केल्या. प्रत्येकीला स्वतंत्र नळीत टिश्यू पेपरच्या घट्ट गुंडाळीसह ठेवले, कारण मादीला फट लागते आणि कागदाच्या घड्यांत ती निमूट अंडी घालते. अंडी आधी फिकट हिरवी असतात व काही दिवसांत नारिंगी होतात. नऊ माद्यांची अंडी नारिंगी झाली, दोघींची हिरवीच राहिली, तेव्हा त्या दोघींचे मीलन झाले नसावे असे धरून ती मी बाजूला काढली. पहिल्या वर्षी मी नळ्या स्वयंपाकघरातील फळीवर ठेवल्या होत्या आणि घरातील उबेमुळे तो सगळा प्रयत्न वाया गेला. दुसऱ्या वर्षी दमटपणामुळे बुरशी आली. या वेळी नळ्यांच्या तोंडांना मलमल बांधली आणि त्या उघड्या हवेत, पण पावसापासून आडोशाला ठेवल्या. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी या दोन चुका टाळल्या तरी त्यांची दोन वर्षे वाचतील.

खरा बदल मात्र मांडणीत आहे. पहिली दोन वर्षे मी केवळ अंडी फुटल्याची तारीख लिहीत होतो आणि उबदार वर्षी ती आधी आली की पतंगाने हवामानाशी जुळवून घेतले असे समजत होतो. ती समजूत चुकीची होती. तापमान वाढले की तेच अंडे लवकर फुटते, आणि त्यासाठी जनुकांत काहीही बदलावे लागत नाही. कोकणात लहानपणी संध्याकाळी दिव्याकडे येणारे तपकिरी फुलपाखरू, मेलॅनायटिस लीडा, आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पावसाळ्यात त्याच्या पंखांखाली ठळक डोळे असतात, तर उन्हाळ्यात तेच फुलपाखरू वाळक्या पानासारखे दिसते. ती एकाच जनुकसंचाची दोन रूपे आहेत. हवामानामुळे जनुकीय बदल झाला असे म्हणायचे असेल, तर वेगवेगळ्या पिढ्यांची किंवा कुळांची (कूळ म्हणजे एका मादीची संतती) अंडी एकाच तापमानात ठेवूनही फरक उरतो हे दाखवावे लागते.

वाखेनिंगनच्या पर्यावरणशास्त्र संस्थेतील मार्सेल विसर, मार्ग्रीट फान आस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पतंगावर नेमके हे काम केले. वसंतातील तापमान वाढले, परंतु हिवाळ्यातील गोठवणाऱ्या दिवसांची संख्या त्या प्रमाणात घटली नाही. त्यामुळे ओक आणि अंडे यांचा ताळमेळ बिघडला आणि अंडी कळ्यांच्या बरीच आधी फुटू लागली, असे त्यांनी २००१ मध्ये दाखवले. पुढे त्यांना अंडी फुटण्याची वेळ मोठ्या प्रमाणात वंशागत असल्याचे आढळले आणि त्यावरून ती झपाट्याने बदलू शकेल असे भाकीत त्यांनी २००७ मध्ये मांडले. २०१३ मधील त्यांच्या निबंधाने हे भाकीत खरे ठरल्याचे दाखवले. ठरावीक तापमानात ठेवलेली अंडी आता पूर्वीपेक्षा उशिरा फुटत होती, म्हणजे उशिरा फुटणाऱ्या कुळांची संतती टिकली होती आणि ओकशी ताळमेळ पुन्हा जवळ आला होता. तापमानवाढीला दिलेले जनुकीय उत्तर ‘आणखी लवकर’ असे नसून ‘थोडे थांबून’ असे असू शकते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

उत्तर अमेरिकेतील घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीत साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या वायोमिया स्मिथिआय या डासाची कथाही अशीच आहे. दिवस किती तासांचा झाला की अळीने हिवाळी सुप्तावस्थेत जायचे, ही मर्यादा उत्तर अक्षांश ५० च्या आसपास १९७२ मध्ये १५.७९ तास होती, ती १९९६ मध्ये १५.१९ तासांवर आली. विल्यम ब्रॅडशॉ आणि क्रिस्टिना होल्झाप्फेल यांनी अळ्या प्रयोगशाळेतील नियंत्रित प्रकाशात ठेवून हे मोजले होते, म्हणून हा फरक हवामानाचा तात्पुरता परिणाम नव्हता.

याच विचाराने मी प्रत्येक मादीच्या अंड्यांचे दोन भाग केले. एक भाग घराच्या दक्षिणेकडील भिंतीलगत आणि दुसरा उत्तरेकडील सावलीत ठेवला. दोन्हीकडे तापमाननोंदक लावले. माद्यांना ‘क’ ते ‘झ’ अशी अक्षरे दिली आणि मार्चच्या मध्यापासून रोज सकाळी सात वाजता भिंगाने तपासणी केली. फुटण्याआधी अंडे काळपट निळे होते. हा रंग दिसला की नळी दिवसातून दोनदा पाहावी.

दक्षिणेकडे २९ मार्चला ‘ग’ मादीची अंडी सर्वांत आधी फुटली आणि ५ एप्रिलला ‘छ’ची शेवटी. उत्तरेकडे हीच मुदत ५ ते ११ एप्रिल अशी आली. म्हणजे उबेमुळे सगळीच कुळे सुमारे आठवडाभर पुढे सरकली, परंतु नऊपैकी सात कुळांचा परस्परांतील क्रम दोन्हीकडे तोच राहिला. ही पुढे सरकलेली तारीख लवचीकतेमुळे, म्हणजे जनुके न बदलता तापमानानुसार बदलण्याच्या क्षमतेमुळे, आहे, आणि टिकून राहिलेला क्रम वंशागत फरकाकडे बोट दाखवतो. मात्र अंड्यावर आईच्या अवस्थेचाही प्रभाव असतो. उशिरा घातलेली अंडी काही अंशी ती कसर भरून काढतात, म्हणून प्रत्येक मादीची अंडी घालण्याची तारीखही लिहून ठेवणे आवश्यक आहे. माझ्या माद्यांपैकी आठ जणींनी पाच दिवसांच्या आत अंडी घातली होती.

शेजारच्या दोन ओकांपैकी एकाच्या कळ्या ९ एप्रिलला उमलल्या, दुसऱ्याच्या १७ एप्रिलला. उशिरा उमलणाऱ्या झाडावरच्या तीन माद्यांची अंडी उशिरा फुटतील असे वाटले होते, परंतु तसे घडले नाही. त्यांतील ‘ज’ तर नवांत तिसरी आली. अळ्या रेशमाच्या धाग्यावर लोंबकळत वाऱ्याबरोबर दुसऱ्या झाडावर जातात, तेव्हा एकाच झाडाशी जुळवून घेणे एवढे सोपे नसावे.

‘ग’च्या पहिल्या अळ्या मी तशाच ठेवून पाहिल्या. पोपटी रंगाच्या, दोन मिलिमीटरहून थोड्या मोठ्या त्या अळ्या उजेडाच्या दिशेने मलमलीपर्यंत चढल्या आणि धागा सोडून पुन:पुन्हा खाली आल्या. तिसऱ्या दिवशी हालचाल मंदावली. चौथ्या दिवशी सकाळी एकही हलत नव्हती. ओकची पहिली कळी त्यानंतर आठवडाभराने उमलली. नैसर्गिक निवड म्हणजे काय, हे मी त्या सकाळी डोळ्यांसमोर पाहिले.

उरलेल्या अळ्यांना कोवळी पाने देऊन वाढवले. मेअखेरीस ‘ख’, ‘छ’ आणि ‘झ’ या कुळांच्या चौदा अळ्या मातीच्या कुंड्यांत शिरल्या आहेत. कुंड्या सावलीत ठेवल्या असून माती वाळू न देण्याची काळजी घेत आहे. नोव्हेंबरमध्ये बाहेर येणाऱ्या ‘छ’च्या मुलींची अंडी त्याच दोन भिंतींशी, त्याच तापमाननोंदकांसह ठेवायची आहेत, म्हणजे आईचा नववा क्रमांक मुलींकडेही येतो का हे पाहता येईल.