चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी

आमच्या रो-हाऊसच्या पुढ्यात वीस बाय पंधरा फुटांचा एक हिरवा तुकडा आहे. आम्ही त्याला लॉन म्हणतो, शेजारी गार्डन म्हणतात आणि आई रान म्हणते. "फुडचं रान लई वाढलंय, बघ जरा," असं तिनं म्हटलं की आलेल्या पाहुण्यांना वाटतं, ह्यांची गावाकडे बरीच जमीन असावी.

दर रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी त्या रानाच्या कडेला उभा राहतो. प्रश्न ठरलेला : आज कापायचं की पुढच्या रविवारी? सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला याहून मोठे प्रश्न असतात हे मान्य. पण रविवारी सकाळी मोठ्या प्रश्नांना कोण हात घालतो?

या प्रश्नाची सुरुवात नर्सरीत झाली. घर घेतलं तेव्हा नर्सरीवाल्यानं लॉनच्या गवताचे दोन नमुने पुढे ठेवले. एक मेक्सिकन, दाट, मखमली. दुसरं सिलेक्शन वन. दुसरं स्वस्त होतं, त्यामुळे निवडीला वेळ लागला नाही. टेम्पोतून गवताची कार्पेटं आली, माणसांनी ती सतरंजीसारखी अंथरली, वरून पाणी मारलं. आई पायरीवर बसून सगळं बघत होती. माणसं गेल्यावर ती उठली, कडेची एक वेल ओढली, तिच्या पेरावर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "आरं, ही तर हरळी! हरळी इकत आणलीस?"

आईचं माहेर फलटणकडचं, पाटाच्या पाण्याखालचं. त्या रानात हरळी म्हणजे साक्षात वैरी. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, हरळीच्या काशा, म्हणजे मातीखालून पसरणाऱ्या पेरापेरांच्या काड्या, उघड्या पाडायच्या, बायकापोरांनी त्या पाट्या भरभरून वेचायच्या आणि बांधावर उन्हात टाकायच्या. एवढं करून एखादं पेर मातीत राहिलं तर वळवाच्या पावसानंतर आठ दिवसांत ते हिरवं हसत उभं. प्रत्येक पेराला मूळ फुटतं, म्हणजे एक काशी तोडून चार तुकडे केले की चार हरळ्या. तिच्या वडिलांनी आयुष्यभर जी उपटली, ती लेकीच्या लेकानं चौरस फुटाच्या भावानं विकत घेतली. संध्याकाळी मामाला फोन गेलाच. पलीकडचं हसू मला व्हरांड्यात ऐकू आलं.

आईचं खरं होतं. वनस्पतिशास्त्रात ती सायनोडॉन डॅक्टिलॉन, गोल्फवाल्यांची बर्म्युडा ग्रास, शेतकऱ्याची हरळी आणि गणपतीची दूर्वा. सगळी एकच. बर्म्युडाशी तिचा जन्माचा काही संबंध नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आता कापण्याचं. नियम एका ओळीत सांगता येतो : एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. दीड इंचाचं लॉन ठेवायचं असेल तर सव्वादोन इंच झालं की मशीन काढायचं. मला हा नियम माहीत होता, पण तो कशासाठी आहे हे कळायला एक जुलै खर्ची पडला. तीन आठवडे बाहेरगावी होतो. परतलो तर गवत घोट्याच्या वर. त्याच दुपारी उघडीप मिळाली, मशीन अगदी खाली सेट केलं आणि एका दमात सगळं उतरवलं. संध्याकाळी पाहिलं तर लॉनच्या जागी पिवळट काड्यांचा पसारा. जाऊळ काढल्यावर पोराचं डोकं तरी गोंडस दिसतं, हे तेवढंही दिसत नव्हतं. झालं होतं असं की, वाढलेल्या गवताची हिरवी पानं सगळी वरच्या भागात असतात. खाली उजेड पोचत नाही, तिथं नुसत्या फिकट काड्या. वरचं सगळं छाटलं की गवताची चूलच विझते. मुळांशी साठवलेल्या शिध्यावर त्याला पुन्हा पानं काढावी लागतात. बरं, वाढीचा कोंब जमिनीलगत असतो म्हणून ते मरत नाही. गाईगुरांनी वरून खाल्लेलं चालावं म्हणूनच ती सोय असणार. माझी गणना अशा रीतीनं गुरांत झाली.

तर 'किती दिवसांनी' याचं उत्तर दिवसांत मिळतच नाही. श्रावणात पाचव्या-सहाव्या दिवशी सव्वादोन इंच होतं, पौषाच्या थंडीत तीन आठवडे झाले तरी ढिम्म हलत नाही. उन्हाळ्यात तुम्ही किती पाणी घालता त्यावर, म्हणजे सोसायटीचा टँकर कधी येतो त्यावर.

माझं मशीन हातानं ढकलायचं आहे. वळवलेली पाती रुळासारखी फिरतात आणि खालच्या सपाट पात्यावर कात्रीसारखी घासतात. १८३० साली इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमधल्या एडविन बडिंगनं पहिलं मशीन काढलं तेही याच घाटाचं. त्यानं पाहिलं होतं ते गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारं यंत्र. कापडाची लव निघते तर जमिनीची का निघू नये? मला हा माणूस आवडतो. त्याच्या आधी विळ्या-कोयत्यांनी गवत कापणाऱ्या गड्यांना तो आवडला असेल का, कोण जाणे. पाती मात्र धारदार हवीत. बोथट असली की गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळी टोकं पांढुरकी दिसतात. ओल्या गवतावरही मशीन घालू नये, पात्यांत नुसता लगदा अडकतो. मी घातलेलं आहे. कापलेला बारीक चुरा मी तिथंच राहू देतो. त्याचंच खत होतं, आणि झाडू मारायचा कंटाळा शास्त्रात बसतो.

तरी खरी अडचण सव्वादोन इंचांची नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी, पाहुणे येणार म्हणून, मी लॉन चकाचक करून ठेवलं. पहाटे आई तबक घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. तीन पानांची कोवळी दूर्वा चिमटीत यायला आधी चिमटीएवढी वाढलेली तर हवी! दारात तीनशे चौरस फूट दूर्वा असलेला मी सकाळी सहाला मंडईच्या गर्दीत जुड्या घ्यायला उभा होतो. आणलेल्या जुड्या आईनं सोडून पाहिल्या, निम्मं भलतंच गवत निघालं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर वेळापत्रक तिच्याकडे गेलं. महिन्यात चतुर्थ्या दोन, शुद्धातली विनायकी आणि वद्यातली संकष्टी. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी कापायचं, मग पुढच्या चतुर्थीपर्यंत हात लावायचा नाही. कालनिर्णयावर तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत. मी एक तृतीयांशाचा नियम समजावून सांगितला, श्रावणात पंधरा दिवस म्हणजे पुन्हा तोच पिवळा पसारा हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. शेवटी तह झाला : नळाजवळचा चार बाय तीनचा कोपरा तिचा, तिथं चतुर्थीचा कायदा. बाकीचं माझं, तिथं इंचपट्टी.

त्या कोपऱ्याची कीर्ती आता गल्लीत पसरली आहे. पलीकडच्यांनी हौसेनं मेक्सिकन लावलं, ते खरोखर गालिच्यासारखं दिसतं. पण संकष्टीला सकाळी फाटकाची कडी वाजते ती त्यांचीच. "काकू, एकवीसच हव्यात." आई एकवीस मोजून देते आणि मेक्सिकनकडे एकदा बघून घेते.

दूर्वा खुडताना कधी एखादी काशी मुळासकट हाताला येते. आईचा हात जुन्या सवयीनं ती लांब फरशीवर, उन्हात भिरकावतो. परवाच्या पावसानंतर पाहिलं तर फरशीच्या फटीत त्यातल्या एका पेराला मूळ फुटलंय. तिथं माझं मशीन जात नाही.