ब्रेकरचा आवाज ओळखीचा निघाला

दिवाळीच्या चार दिवस आधी परळला पोहोचले. टोरोंटोहून येणाऱ्याला पहिले दोन-तीन दिवस दुपारची झोप आवरत नाही, कारण इथले दुपारचे दोन म्हणजे तिथली पहाटेची साडेचार. तशीच गाढ झोपले होते आणि पलंगाखालून धडधड सुरू झाली. धगधगधगधग, मग जरा थांबून एक लांब घर्रर्र. आई स्वयंपाकघरात चकलीचं पीठ मळत होती. तिथूनच म्हणाली, "फटाके नाहीत गं. एल्फिन्स्टनचा पूल पाडतायत."

तिने सांगायची गरज नव्हती. डोळे मिटलेले असतानाच मला कळलं होतं की हा पोकलेनला लावलेला फोडायचा हातोडा, म्हणजे ब्रेकर आहे आणि तो काँक्रीटवर चाललाय. डांबरावर चालतो तेव्हा आवाज बसका येतो. ही विद्या मी २०१७ साली टोरोंटोत शिकले, आणि शिकवणी चांगली आठ-नऊ महिने चालली.

संध्याकाळी खालचे काका फराळाला आले. एक करंजी संपवून म्हणाले, "तुमच्याकडे असली कटकट नसेल. गपचूप पाडत असतील." त्यांच्यासाठी, आणि असंच वाटणाऱ्या सगळ्यांसाठी, आज जरा जुनी गोष्ट सांगते. गपचूप काही पडत नाही हो काका. काँक्रीट कुठलंही असो, फुटताना ते ओरडतंच.

टोरोंटोत ऑन्टारियो सरोवराच्या काठाने गार्डिनर एक्स्प्रेसवे जातो. सुमारे १८ किलोमीटरचा रस्ता, आणि शहराच्या मध्यभागी आला की खांबांवर चढलेला. आपला ईस्टर्न फ्रीवे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झालं. फ्रेडरिक गार्डिनर नावाचे गृहस्थ मेट्रो टोरोंटोचे, म्हणजे शहर आणि उपनगरं मिळून केलेल्या महानगर कारभाराचे, पहिले अध्यक्ष होते, त्यांचं नाव त्याला दिलंय. १९५५ पासून पुढची दहा-अकरा वर्षं तो टप्प्याटप्प्याने बांधला गेला. त्यावरून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या ऑफिसांच्या भागात उतरायच्या त्या यॉर्क, बे आणि यंग या तीन रस्त्यांसाठी असलेल्या एका रॅम्पवरून. यॉर्क स्ट्रीटला उतरताना हा रॅम्प पूर्ण गोल फिरायचा, जिलबीसारखा. मधल्या गोलात थोडं गवत, थोडी झाडं, आणि तिथे कुणी जायचं नाही.

आमचं भाड्याचं घर त्या जिलबीपासून हाकेच्या अंतरावर. चौथा मजला. घर बघायला गेलो तेव्हा एजंटने सरोवर दाखवलं होतं, रॅम्पकडे पाठ करून.

१७ एप्रिल २०१७ ला, ईस्टरच्या सोमवारी, रॅम्प कायमचा बंद झाला. एप्रिलच का, तर हिवाळा संपला की तिथे सगळी खोदकामं एकदम सुरू होतात. टोरोंटोकर म्हणतात आमच्याकडे ऋतू दोनच, एक हिवाळा आणि दुसरा बांधकाम. आपल्याकडे उलट, सगळी घाई पावसाच्या आधी उरकायची.

रॅम्प का पाडायचा, हे मला आधी कळेना. चांगला उभा दिसत होता. पण थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर काँक्रीटमध्ये मुरतं आणि आतल्या सळ्या गंजायला लागतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे काँक्रीट आतून फुगतं, तडकतं, खपल्या पडतात. गार्डिनरच्या पोटाखालून चालताना वर जाळी लावलेली दिसली की मला आपल्या जुन्या बिल्डिंगांचे छज्जे आठवायचे. तिथे मीठ माणसं टाकतात, मुंबईत ते समुद्राच्या हवेतून फुकट येतं. सळीला काय फरक पडतो! शिवाय नुसती दुरुस्ती न करता ती जिलबीच काढून टाकायची आणि जागा मोकळी करायची, असा शहराचा बेत होता. तिच्या बदल्यात लोअर सिम्को स्ट्रीटला उतरणारा आखूड, सरळ रॅम्प बांधायचा होता.

आता आवाजाचं सांगते, कारण तो विषय माझा आहे.

पाडकामाचा आवाज एक नसतो. ब्रेकरची धडधड असते, तिची हळूहळू सवय होते. मग एक जबड्यासारखं यंत्र येतं, ते काँक्रीट चावून चावून फोडतं. त्याचा स्वतःचा आवाज फार नाही, पण चावून झाल्यावर ते सळ्या ओढून बाहेर काढतं तेव्हा जो किरकिराट होतो त्याने दात आंबतात. आणि तिसरा आवाज डंपर मागे येतानाचा, टीं टीं टीं टीं. राडारोडा भरायला डंपर दिवसभर मागे मागे येत असतात. कानात बोळे घातले की टीं टीं कमी व्हायची, धडधड तशीच राहायची. खालच्या पट्टीतला आवाज बोळ्याला जुमानत नाही आणि काचेलाही. ओट्यावरच्या हुकांना लटकवलेल्या पळ्या आणि झारे टाइलवर किणकिणायला लागले की मी समजायचे, आज आपल्या बाजूचा खांब घेतला.

लेक तेव्हा आठ महिन्यांची होती. पहिला आठवडा तिने रडून घालवला. दुसऱ्या आठवड्यात तिला धडधडीत झोप लागायला लागली, आणि तिसऱ्यात तर जेवणाच्या सुट्टीत कामगारांनी मशीन बंद केलं की ही जागी! साडेबारा ते एक मी तिला मांडीवर घेऊन तोंडाने धगधगधग करत बसायचे. नवरा ऑफिसातून फोनवर विचारायचा, "हा आवाज तू काढतेयस की बाहेरून येतोय?"

त्या शहराचा नियम असा की बांधकामाचा गोंगाट सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते संध्याकाळी सात, शनिवारी नऊपासून, आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी अजिबात नाही. सार्वजनिक कामाला यातून सवलत मिळू शकते. म्हणजे नियम आहे आणि नियमाला खिडकीही आहे, हे वाचून मला घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडेही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. परळच्या नाक्यावर नुसतं उभं राहिलं तरी ती कधीच मागे पडलेली असते, ब्रेकरपर्यंत जायलाच नको.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली होती. लिफ्टपाशी कागद लागायचा: या आठवड्यात कुठला तुकडा पाडणार, कुठला फुटपाथ बंद, पलीकडे कुठून जायचं. आवाज कमी झाला नाही त्याने, पण मी लेकीला घेऊन मैत्रिणीकडे कधी पळायचं ते ठरवू शकायचे. गाडीवाल्यांना आधीच सांगितलं होतं की अलीकडे स्पडायनाला उतरा नाहीतर पुढे जार्व्हिसला जा. तरी हार्बर स्ट्रीटवर हॉर्न वाजायचे. कॅनडातली माणसं हॉर्न वाजवत नाहीत, असं सांगणाऱ्याला मी तो उन्हाळा दाखवायला हवा होता.

जानेवारी २०१८ मध्ये नवा रॅम्प सुरू झाला. जिलबीच्या जागी पाच वर्षांनी, जून २०२३ मध्ये, लव्ह पार्क नावाची बाग उघडली. मधोमध बदामाच्या आकाराचं तळं आहे. मी लेकीला सांगते की तू इथे झोपायचीस तेव्हा इथे पूल तुटत होता. तिला ते खोटं वाटतं.

तर हे सगळं काकांना सांगून झालं. मी जरा फुशारकीनेच म्हटलं, "बघा, शेवटी चांगलंच झालं. इथेही होईल." तेव्हा बाबा, जे इतका वेळ चिवडा निवडून शेंगदाणे बाजूला काढत होते, म्हणाले, "तुझ्या त्या रॅम्पवरून चालत कोण जायचं?"

कुणीच नाही. गाड्याच जायच्या.

"मग तुझं काय गेलं? झोप. इथे रस्ता गेलाय."

बाबा बेस्टमधून निवृत्त झाले, परळ-लालबागचे रस्ते त्यांना तळहातासारखे. मी उगाच वाद घातला नाही. पण दुसऱ्या दिवशी स्वतः फिरून पाहिलं आणि पटलं. एल्फिन्स्टनचा पूल १९१३ सालचा. खालून पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे, आणि वरून परळ व प्रभादेवीला जोडणारी थेट वाट. १२ सप्टेंबर २०२५ ला तो बंद झाला. शिवडी-वरळी उन्नत मार्ग इथून जाणार आहे, म्हणजे अटल सेतूवरून येणारी गाडी वरळीला सी लिंकपर्यंत थेट पोहोचेल, आणि त्यासाठी इथे दोन मजली पूल उभा राहायचा आहे. टोरोंटोत रॅम्प गेला तेव्हा गाडीवाल्याला पुढच्या उतारावर उतरावं लागलं. इथे रुळांच्या या बाजूचा माणूस या बाजूला राहिला. गाडीने जायचं तर दादरचा टिळक पूल, नाहीतर करी रोड. त्यात करी रोडचा पूल सकाळी सात ते दुपारी तीन एका दिशेने आणि तीननंतर रात्री अकरापर्यंत उलट दिशेने. बाबांनी हे वेळापत्रक कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहून ठेवलंय, बाण काढून.

आणि खाली रुळ असल्यामुळे पाडायचंही मनाला येईल तसं नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात मशीद स्टेशनजवळचा कर्नाक पूल काढला तेव्हा लोकल थांबवून २७ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला होता. गार्डिनरच्या त्या जिलबीखाली फक्त पार्किंग आणि कबुतरं होती.

आई दर मंगळवारी सिद्धिविनायकाला जाते. पूर्वी नाक्यावरून टॅक्सी, पुलावरून पलीकडे, दहा मिनिटं. आता टॅक्सीवाला दादर म्हटलं की मान फिरवतो, म्हणून ती स्टेशनच्या पादचारी पुलावरून जाते. मंगळवारी मी तिच्याबरोबर गेले. वाटेत प्रभादेवीच्या मावशीला फराळाचा डबा द्यायचा होता. जुन्या पुलाला निदान चढ होता, म्हातारं माणूस कठड्याला धरून सावकाश चढायचं. पादचारी पुलाला पायऱ्या. संध्याकाळची गर्दी अंगावर येत होती. आईने डबा छातीशी धरला आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेली. वर पोहोचल्यावर ती जाळीपाशी थांबली, पुलाच्या दिशेने बघत राहिली. तिकडे धूळ आणि पत्र्यांपलीकडे विशेष काही दिसत नव्हतं. ब्रेकर थांबला होता.

"चहा पीत असतील," आई म्हणाली.

मावशीकडे पोहोचलो तेव्हा तिने आधी डबा घेतला नाही, आधी हातातल्या फडक्याने पुसला. त्यांच्या गॅलरीतला आकाशकंदील यंदा विकत घेतला तेव्हा केशरी होता म्हणे. मी पाहिला तेव्हा वरच्या घड्यांत राखाडी थर बसलेला होता आणि खालच्या झिरमिळ्याच तेवढ्या केशरी उरल्या होत्या. मावशी दोन दिवसांनी तो झटकते. झटकला की धूळ खालच्या मजल्यावरच्या रांगोळीवर पडते, आणि मग खालून हाक येते. यावर तोडगा म्हणून खालच्या वहिनींनी रांगोळी दाराच्या आत काढायला सुरुवात केली.

माझी लेक, जी आता नऊ वर्षांची आहे, या सगळ्यात परळला दुपारची कशी झोपते ते बघून आई थक्क झालीय. ब्रेकर सुरू झाला की पोरगी कुशीवर वळते आणि घोरायला लागते. मी आईला जेवणाच्या सुट्टीची गोष्ट सांगितली. आता एक वाजता आवाज थांबला की आजी नातीच्या पाठीवर थोपटायला जाऊन बसते.

बाबांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय: परळला कुणाकडे येणार असाल तर संध्याकाळी टिळक पुलाच्या नादी लागू नका. लोकलने या आणि चालत या. आणि करी रोडवरून येणार असाल तर आधी घड्याळ बघा.