प्लग काळा, तरी हवा जास्त

मे महिन्यात भुसावळला पाना उन्हात राहिला तर हातात धरवत नाही, अशा दुपारी यावलकडचे एक आप्पा आले, जुनी १०० सीसीची कार्बोरेटरवाली गाडी घेऊन. म्हणे, "चोक ओढल्याबिगर चालतच नई भो." रोज अर्धा चोक ओढूनच ते केळीच्या मळ्यात जायचे, अ‍ॅव्हरेज पार बसलेला. दुसरीकडं दाखवली तर तिथं मेन जेट, म्हणजे जास्त रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोक, मोठा टाकून दिला, मग फुल रेसला काळा धूर सुरू झाला आणि स्लोला, म्हणजे रेस सोडल्यावर, गाडी बंद पडायची ती पडतच राहिली.

प्लग काढला तर काजळीनं काळाकुट्ट. काळा प्लग दिसला की कोणीही म्हणेल पेट्रोल जास्त जातंय. मला पटेना. चोक म्हणजे हवेचं तोंड दाबणं, तो सोडला की गाडी मरते याचा अर्थ पेट्रोल कमी पडतंय, प्लग काळा झालाय तो चोकनं.

एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं, म्हणजे हिशोब सगळा गळ्यातून जाणाऱ्या हवेचा. गळ्याच्या पुढं कुठून हवा शिरली तर तिच्यासोबत पेट्रोल येतच नाही! आणि स्लोला थ्रॉटल, म्हणजे रेसची झडप, जवळजवळ बंद, आतली ओढ तेव्हाच सगळ्यात जास्त, म्हणून ही चोरटी हवा तिथंच नडते. स्लोचं पेट्रोल येतं पायलट जेट या वेगळ्या छोट्या भोकातून, मेन जेट मोठा करून काय होणार? उगाच गिऱ्हाईकाचं पेट्रोल जाळायचं, मला याचा खरंच राग येतो.

गाडी अर्ध्या चोकवर चालू ठेवली, सायलेन्सर सांभाळून कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या रबरावर क्लीनरचा स्प्रे मारला, आवाज लगेच बदलला, म्हणजे स्प्रे तिथून आत ओढला जात होता. रबर काढून बघितलं तर वरून धडधाकट, पण वाकवलं की खालच्या अंगाला केसाएवढी उभी चीर उघडायची.

नवीन रबर, मेन जेट परत कंपनीच्या साईजचा, इंजिन गरम करून स्लोची हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू सेट केला. चोक पूर्ण सोडलेला, तरी गाडी स्लोला शांत चालू.

आप्पा म्हणाले, "एवढे दिवस फुकट पेट्रोल जाळलं ना भो." नुसतं जळत नाही, जास्तीचं पेट्रोल सिलेंडरचं ऑईल धुऊन खाली उतरतं. त्यांना ऑईलची काडी काढून वास घ्यायला लावला, पेट्रोलचा भपकाच आला, मग ऑईलपण तेव्हाच बदललं.