साल्मन लॅडर: तिरका अडकणारा बार अखेर सुटला

साल्मन लॅडर म्हणजे दोन खांबांवरच्या हुकांच्या जोड्यांवर टेकलेला आडवा बार; त्याला लटकायचं आणि उडी मारत बारसकट एकेक हूक वर चढायचं. तो बार सुटला! 30 सेंमीच्या टप्प्याने खालच्या हुकापासून सातव्या हुकापर्यंत तो कुठेही न अडकता चढतो आणि तसाच उतरतो. मागच्या नोंदीत कॉलरवाल्या (म्हणजे बाजूला सरकू नये म्हणून हुकांच्या बाहेर कडी बसवलेल्या) बारचं दुखणं सविस्तर सांगून झालंय: एक टोक वरच्या हुकात, दुसरं खालच्यात, आणि मग कितीही जोर लावा, खालचं टोक जागचं हलत नाही. त्याचं मूळ निव्वळ भूमितीत निघालं.

आपल्या सांगाड्यात दोन्ही बाजूंच्या हुकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 1200 मिमी आहे. बार आडवा असताना दोन टेकूंमध्ये त्याची 1200 मिमी लांबी लागते. एक टोक 300 मिमी वर गेलं की तीच लांबी 1237 होते. म्हणजे कॉलरना दोन्ही बाजूंची मिळून किमान 37 मिमी सवलत, म्हणजे सरकायला मोकळी जागा, हवीच. ती कमी ठेवली तर बार वरच्या हुकात नीट बसतच नाही. जास्त ठेवली तर दुसरी भानगड सुरू होते, आणि खरा छळ तिथेच आहे. बार 14 अंशांनी तिरका झाला की स्टीलवरचं स्टील उताराकडे घसरू लागतं. घसरत घसरत वरच्या बाजूची कॉलर हुकाच्या बाहेरच्या कडेवर आपटते आणि तिथे रुतते. आता सगळी सवलत खालच्या टोकाकडे जमा झालेली, हातांची पकड मध्यापासून ढळलेली, आणि पुढच्या उडीत बार आणखी तिरका. एकदा ढळलेला बार पुढच्या प्रत्येक हुकाला जास्तच ढळतो. 2007 साली सासुके या जपानी टीव्हीवरच्या अडथळा-स्पर्धेच्या अठराव्या पर्वात, दुसऱ्या फेरीत हा अडथळा आला, तेव्हापासून एका बाजूने लटकलेला बार आणि खाली पाणी हे दृश्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्या क्षणी त्या माणसाच्या हातात नेमकं काय चाललेलं असतं, ते हे गणित मांडल्यावर कळतं. तिथूनही बार सरळ करून जे वर जातात, त्यांच्याबद्दलचा आदर दुप्पट होतो.

उपाय: सरळ कडेची कॉलर काढून शंकूच्या आकाराची बसवायची. आगगाडीचं चाक किंचित शंकूसारखं कातलेलं असल्यामुळे रुळांच्या मध्यावर आपोआप येतं, तसंच काहीसं इथेही होतं. शंकूचं बारीक तोंड हुकाच्या बाहेरच्या कडेपासून 5 मिमी दूर, जाड तोंड बाहेरच्या बाजूला. बारीक तोंडाचा व्यास 40 मिमी, जाड तोंडाचा 66, लांबी 50. याचा उतार भरतो साधारण साडेचौदा अंश. बार 14 अंशांनी तिरका होऊन घसरू लागला की वरच्या बाजूचा शंकू हुकावर चढतो, आणि शंकूचा उतार बारच्या उताराला छेद देतो. हुकाला टेकलेला भाग जवळजवळ आडवा होतो आणि घसरणं तिथेच थांबतं. खालचं टोक वर आलं की बार शंकूवरून उतरून आपसूक मध्यावर येतो. हे होताना कानांना कळतं: पूर्वीच्या खणखणाटाऐवजी दोन छोटे ठक-ठक आवाज, एकामागोमाग एक. फार गोड आवाज आहे.

शंकूसाठी नायलॉनचा 70 मिमी रॉड घेऊन लेथवर कातून घ्यावा, आत 34 मिमी भोक. लाकूड आपटून चिरतं. रबर तर अजिबात नको, ते सरकण्याऐवजी हुकाला धरून बसतं आणि आपण पुन्हा मूळ पदावर. शंकू बारवर आडव्या एम6 बोल्टने पक्का करावा. बारला भोक पाडल्याने तो कमजोर होईल ही शंका रास्त आहे, पण बारला वाकवणारा भार दोन हुकांच्या मधे असतो, त्यांच्या बाहेर जवळपास नसतोच.

आता बार कोणता घ्यायचा, कारण हा प्रश्न सारखा येतो. एक इंची, म्हणजे 25 एनबी (नॉमिनल बोअर, नळीचं नाममात्र माप), सी क्लास (ए, बी, सी हे भिंतीच्या जाडीचे वर्ग, सी सर्वांत जाड): बाहेरचा व्यास 33.7 मिमी, जाडी 4. सव्वा इंचीचा व्यास 42.4 आहे, ताकद भरपूर, पण लहान पंजाला तो आवळता येत नाही. 70 किलोचा माणूस वरून आदळला की तिप्पट भार धरावा. एवढ्या भाराला एक इंची ए क्लासमधला ताण 190 मेगापास्कलच्या घरात जातो, जो साध्या पोलादाच्या मर्यादेच्या फार जवळ आहे. असा बार हळूहळू केळीसारखा वाकतो. सी क्लासमध्ये तोच ताण 140 वर येतो. 1450 मिमीचा तुकडा सव्वाचार किलो भरतो. दुकानदाराच्या शब्दावर क्लास मानू नका, वजन करा: सी क्लासची 6 मीटरची नळी साडेसतरा किलोच्या आसपास हवी, बी क्लासची साडेचौदा. जाडी मोजायला व्हर्निअर कॅलिपर खिशात असलेला बराच. गॅल्व्हनाइज्ड नळी सुरुवातीला गुळगुळीत लागते, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने पकडीची जागा घासून घ्यावी. रंग तिथे लावूच नये.

हुकाचा कोन 30 अंशच ठेवा. अंगाचा झोका उभ्या रेषेपासून पुढे 30 अंशांपलीकडे गेला तरच बार निसटतो, आणि नीट मारलेली उडी तिथवर जात नाही. 15 अंशांवर बार सहज बसतो पण तितकाच सहज निघतो. 45 वर तो टोकाला थडकून परततो. हुकासाठी 40×10 ची पट्टी, 110 मिमी लांब, आणि बाहेरची कड ग्राइंडरने गोल केलेली. ती गोल नसेल तर नायलॉनचे शंकू सोलून निघतात.

खांबांबाबत बेत बदललाय. मूळ आराखड्यात 72×72×3.2 च्या चौकोनी पाइपवर हूक थेट वेल्ड करायचे होते. पण एकाच बाजूला सात-सात वेल्ड पडले की थंड होताना ती बाजू आखडते आणि खांब त्या बाजूला धनुष्यासारखा वळतो. मग वर आणि खाली 1200 चं अंतर सारखं राहत नाही, आणि शंकूंचं सगळं गणित त्या अंतरावरच उभं आहे. त्यामुळे आता हूक स्लीव्हवर, म्हणजे खांबावर सरकणाऱ्या बाहेरच्या पाइपच्या तुकड्यावर. 80×80×3.2 च्या पाइपची आतली मोकळी जागा 73.6 मिमी असते, 72 च्या खांबावर तो पाइप छान सरकतो. त्याचे 120 मिमीचे तुकडे करून प्रत्येकावर एक हूक वेल्ड करायचा आणि एम12 ची पिन आरपार. पाइपच्या आत शिवणीचा उंचवटा असतो, तो कानशीने काढल्याशिवाय स्लीव्ह चढत नाही. उरलेली दीड मिमीची हालचाल मारायला स्लीव्हच्या मागे एम8 चं नट वेल्ड करून एक दाबबोल्ट आवळावा.

पिनची भोकं दर 10 सेंमीला, 2.1 मीटरपासून 3.9 पर्यंत. दोन्ही खांब एकमेकांना क्लॅम्प करून एकत्रच ड्रिल करावेत. डाव्या-उजव्या भोकांत 2 मिमीचा फरक पडला तरी बार कायम एकीकडे कलतो. फॅब्रिकेटर हे काम 'अंदाजाने बसवू' म्हणून उडवून लावतात. तिथे मात्र हटून बसायचं.

स्लीव्हचा मोठा फायदा असा की 30, 40, 50 सेंमी असे तिन्ही टप्पे त्याच भोकांवर बसतात. आणि 50 हवेतच. 2020 साली मोरिमोतो युसुके यांनी सासुकेत दुसऱ्यांदा कान्झेनसेइहा (सगळ्या फेऱ्या पार करून पूर्ण विजय) केलं त्या अंतिम फेरीत 8 मीटर स्पायडर क्लाइंब (दोन भिंतींमध्ये हात-पाय रेटून चढणं), मग 15 पायऱ्यांचं 7 मीटर साल्मन लॅडर, मग 10 मीटर दोर, सगळं 45 सेकंदांत होतं. 7 मीटरला 15 पायऱ्या म्हणजे एक टप्पा जवळजवळ अर्ध्या मीटरचा. 30 वर कितीही सफाई आली तरी ती उडी वेगळीच.

पण 50 च्या टप्प्याला बार साडेबावीस अंशांनी तिरका होतो आणि लांबी 1300 लागते, म्हणजे प्रत्येक बाजूला 50 मिमी सवलत. आत्ताचा शंकू तिथे अपुरा पडेल, घसरण थांबणार नाही. शंकूचे दोन संच ठेवायचा विचार होता. पण आकडे मांडताना दिसतंय की एकाच शंकूला दोन उतार देता येतील: पहिले 25 मिमी 15 अंशांनी, पुढचे 35 मिमी 23 अंशांनी. जाड तोंड 83 मिमीवर जाईल, म्हणजे रॉड 90 चा घ्यावा लागेल. 40 च्या टप्प्याला बार साडेअठरा अंश तिरका असतो, तिथे बार दुसऱ्या उताराच्या सुरुवातीला टेकून थांबायला हवा. पुढची चाचणी याचीच.

गादीबद्दल थोडक्यात: बार एका बाजूने सुटला तर माणूस आडवा फेकला जातो, म्हणून रुंदी किमान 2.4 मीटर ठेवा. खाली 32 डेन्सिटीचा पीयू फोम (मऊ स्पंज) 20 सेंमी, वर ईपीई (कडक पॉलिथिलीन फोम) 5 सेंमी. कडक थर वरच हवा, तो भार पसरवतो. उलट रचली तर पाय मऊ थरात रुततो आणि घोटा मुरगळतो.

मल्लखांबवाल्या मंडळींसाठी एक सूचना. एरंडेल लावलेल्या हातांनी बारला हात लावू नका. तेलावर मॅग्नेशियम कार्बोनेट (पकडीसाठी हाताला लावायचा खडू) टाकलं की चिकट लगदा होतो आणि बार पुन्हा घासून काढावा लागतो. साबणाने हात धुवून, कोरडे करून, मगच खडू.